डाव्या हाताचा मळ

साडेचार वर्षं परळला
गर्भाशय बरणीत पाहिलं,
फॉर्मालिनमध्ये, लेबल लावलेलं, गप्प.
इथे आरेच्या तबेल्यात
ते शेणाच्या पलीकडे असतं.
कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत,
मग माझा गाल म्हशीच्या पुठ्ठ्याला टेकतो
आणि तरी ते अजून पुढेच.

डावा हात घाल, गावित सर म्हणाले,
उजवा लिहायला ठेव.
आई ऐकून हसली होती:
डाव्या हातानं आमी कुनाला बोंबील पन देत नाय.

म्हैस आतून हात आवळते,
कासारीण बांगडी चढवताना चेपते तशी,
फक्त सोडत नाही.
खांद्यापर्यंतची प्लास्टिकची बाही, आत घाम,
बोटं बधिर,
आणि मागून शेठचा प्रश्न:
बोला डॉक्टर, गाभण की खाली?

खाली या शब्दाला इथे चाकं आहेत.
शुक्रवारी टेम्पो येतो.

लॉगबुकात पहिले आठ दिवस
मी एकच ओळ लिहिली: समजले नाही.
सरांनी प्रत्येक ओळीखाली सही केली,
एकदाही रागावले नाहीत.
नवव्या दिवशी ते पलीकडच्या युनिटात
अडलेल्या म्हशीकडे होते.
सत्तेचाळीस नंबर, डावं शिंग जरा वाकडं.
सगळे बघत होते.
समजले नाही असं शेठला सांगायचं
माझ्याच्याने झालं नाही.
हाताला काही लागलं नव्हतं,
नुसतं काहीतरी थरथरलं,
तो माझाच हात असणार.

खाली, म्हटलं.

रामदुलार बादली घेऊन उभा होता.
बावीस वर्षं धारा काढतोय,
तिची शेपूट बघून म्हणाला, भरी है.
पण त्याच्याकडे हातमोजा नव्हता.

बाराव्या दिवशी दुसऱ्याच म्हशीत
सरांनी माझा हात बाहेरून, तोंडाने, चालवला:
खाली जा, हाडाच्या कडेला ये,
आता शीर शोध, करंगळीएवढी.
धरू नकोस. टेकव.
आणि तिथे
ती ठोके देत नव्हती,
ती सळसळत होती.
कोळीवाड्यात पाणी येण्याआधी
नळाचा पाइप आतून घुमतो, तशी.
पाच महिने, सर म्हणाले. ओळखीची वाटली?

वाटली.
तीन दिवसांपूर्वीची.

बाही न काढताच मी चौथ्या रांगेकडे पळाले.
सत्तेचाळीसच्या जागी
पाण्याच्या पाइपने धुतलेली ओली फरशी,
आणि खुंट्याला दोरीचा एक फेरा.
रामदुलार शेजारचीच्या कासेला
तेल लावत होता.
मैं तो बोला था, म्हणाला.
कुणाला बोलला, शेठला की टेम्पोवाल्याला,
टेम्पो मनोरच्या बाजूला गेला
की दुसरीकडे,
त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

संध्याकाळी उजव्या हाताने
नवव्या दिवसाची ओळ खोडली
आणि वर लिहिलं:
क्र. ४७, गाभण, अंदाजे पाच महिने.
सरांनी वाचलं. बराच वेळ पेन उघडं ठेवलं.
मग सही केली,
तारीख मात्र आजची घातली.

डाव्या हाताचा मळ, असं लोक सहज म्हणतात
सोप्या कामाला.
लिंबू चोळलं, कपड्याचा साबण लावला,
नखांच्या कडेचा हिरवा रंग जात नाही.
आई म्हणते, राहू दे,
माझ्या हाताचा वास तरी कुठे गेला?

रविवारी सुट्टी. पहाटे पाचला
हंडे रांगेत, दिवा नाही.
मी नळाच्या पाइपवर हात ठेवून उभी आहे.
डावा.
आई आतून विचारते, आलं का?
अजून नाय, मी म्हणते.
पन हाय.