काज

भोक घेऊन येणारा माणूस ओशाळलेला असतो.
घडी अर्धीच उलगडतो,
"एवढंच बघा जरा, चाचा," म्हणतो,
आणि मी त्याच कापडाच्या शिवणीतून सूत उपसून
उभं-आडवं असं मिळवतो
की मालकालाही जागा सापडू नये.
छत्तीस वर्षं, जालन्यात, सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत.
न दिसणं हाच माझा धंदा.

कालिंदी म्हस्के अकरा शर्ट घेऊन आली.
सगळे एकाच अंगाचे. खाकी टेरिकॉट, विटलेलं,
छातीवर, बाह्यांवर बारीक भोकं,
कडा वितळून कडक झालेल्या, बोटाला टोचणाऱ्या.
"रोलिंग मिल," मी म्हणालो.
"पप्पा," ती म्हणाली.

मी सुई ओवायला घेतली.
"बुजवायची नाहीत, चाचा. काज करायचंय.
प्रत्येकाला. तापल्या सळईच्या रंगाचा दोरा आणलाय."
"आणि बटणं?"
"बटणं नाहीत."
बटण नाही तर काज कशाला, बाई?
दार आहे नि घर नाही, असं झालं.
ती हसली नाही. संभाजीनगरला फॅशन डिझाइन शिकते,
शेवटचं वर्ष, मे महिन्यात पहिला शो.
आगाऊ म्हणून दोनशे रुपये ठेवले, सुट्टे.

भोकं मोजली. चारशे आठ.
रमजानभर सहरीनंतर बसायचो.
तिला सांगितलं, झाली सगळी.

शोला तिनं मला बोलावलं. सभागृहात चार कूलर,
बाकांवर प्लायवूड टाकून केलेला रॅम्प,
कोपऱ्यात पाय दिला की करकरणारा.
वैजापूरच्या पोरानं हिमरूचे उरलेले तुकडे
जॅकेटच्या आत लावले होते, अस्तराला;
चालणाऱ्यालाच ठाऊक, आत काय आहे ते.
परळीच्या एकीनं थर्मलच्या राखेत सुती कापड रंगवलेलं,
ते पाहून शेजारचा खोकलाच.
एका मुलीची चेन मधेच अडकली.
कोपर दाबून ती तशीच चालत गेली टोकापर्यंत,
वळलीसुद्धा.
मला त्या सगळ्यांत तीच आवडली, खरं सांगायचं तर.

मग कालिंदीचे.
हॉस्टेलच्या उंच उंच पोरी, त्यांच्या अंगावर ते शर्ट
उसवून, लांबवून, तिरके जोडून.
मागून दिवा होता.
भोकाभोकातून उजेड आला
आणि सगळं सभागृह माझं काम बघत होतं.
मला लाज वाटली,
परसात अंघोळ करताना गच्चीवरून कुणी पाहावं, तशी.
लोक टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या रांगेत दिगंबर म्हस्के,
नव्या शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच.
ते टाळ्या वाजवत नव्हते. ओठ हलत होते त्यांचे,
मोजत असावेत.

नंतर मागच्या खोलीत, हँगरांच्या गर्दीत,
त्यांनी एक बाही हातात घेतली,
स्वतःची बाही वर सारली, शेजारी शेजारी धरली.
"हे दिवाळीच्या आदल्या पाळीचं.
हे, मुकादम गावाला गेला होता तेव्हाचं."
शर्टावरच्या काजासमोर हातावरचा डाग.
कातडीचं रफू कुणी केलं कोण जाणे,
काम काही पटलं नाही मला,
जागा लगेच सापडते.
कालिंदी पिना गोळा करत होती, पाठ आमच्याकडे.
"यातला एखादा नेऊ का?" त्यांनी विचारलं,
"सोमवारी पाळी आहे. दोनच राहिलेत."

मग त्यांचं बोट गळपट्टीखाली आलं,
थांबलं.
पुढे गेलं, परत आलं.
"इथं एक होतं."

तिथं काही नव्हतं. कापड सलग.
चारशे सात केली होती मी काजं.
ते एक, गळ्याच्या इतकं जवळचं,
मला उघडं ठेववलं नाही. सवय म्हणा.
पहाटे बुजवून टाकलं, सूत त्याच शर्टाचं.

"होतं इथं," ते म्हणाले.
बोट बरोबर तिथंच,
एक धागा इकडे नाही, एक धागा तिकडे नाही.
कालिंदीनं माझ्याकडे पाहिलं.
मी खिशात चष्मा शोधू लागलो.
तो डोळ्यांवरच होता.