चूकभूल

पुंता अरेनासच्या दैनिकात
मिर्को युत्रोनिच एकतीस वर्षं
बोटींची ये-जा लिहायचा.
वारा असा, की कचेरीचं दार
दोघांनी लोटावं लागे.

एकदा बुडालेल्यांच्या यादीत
एक नाव जास्तीचं पडलं: एलादियो बार्रिया.
तो त्याच सकाळी दुसऱ्याच बोटीतून उतरला
आणि धक्क्यावर उभ्या उभ्या
स्वतःला वाचलं त्यानं.

दुरुस्ती आली पान सातवर, तळाला,
मुंगीएवढी.
आईनं तोवर त्याचे बूट देऊन टाकले होते.

मग दर जूनमध्ये एलादियो यायचा,
कडू चहाचा तुंबा टेबलावर ठेवायचा:
आहे अजून. लिही.
मिर्को कधी हसला नाही.

काल मिर्कोचीच चौकट लागत होती.
जुळाऱ्याच्या मागे एलादियो, चष्मा पुसत,
अक्षर न् अक्षर बोटानं चाचपत.
म्हणाला,
घरी जाऊन विचारलंत ना नीट?