मागच्या पानावरचे टक्के

लातूरच्या शोरूममधला पोरगा म्हणाला होता, नव्वद.
एका चार्जवर नव्वद किलोमीटर, ताई, डोळे झाकून.
डोळे उघडे ठेवून चालवली
तर बावन्न निघतात.
वारं समोरून असलं की सत्तेचाळीस.

माझी पिग्मीची फेरी साठाची.
पानगावातून निघायचं, चार वाड्या, दोन तांडे, एक फाटा,
बेचाळीस खातेदार, कुणाचे दहा, कुणाचे वीस.
म्हणजे रोज तेरा किलोमीटर कमी पडतात
आणि तेही दारोदार गोळा करावे लागतात.

पतसंस्थेत इन्व्हर्टर आहे.
मॅनेजर म्हणतात, तो कॉम्प्युटरचा,
ऑडिटला काय सांगू, गाडी पाजली म्हणून?
दुसरी बॅटरी घ्यावी तर अडतीस हजार.
तेवढ्यात चार शेळ्या येतात
आणि शेळीला रात्री प्लगला लावावं लागत नाही.

सोपानकाकांच्या रानात सोलर पंप आहे,
सहा पॅनल, उन्हाकडं तोंड करून बसलेले.
विचारलं तर म्हणाले,
"ह्याला निस्तं पाणी वडायचं कळतंय, बाई.
तुझी तीन दातांची पिन ह्याला लागू हुईना."
पण पॅनलखालची सावली दिली त्यांनी.
बॅटरी गार झाली, मीही झाले,
टक्का मात्र एकही वाढला नाही.

हवा मोकळी असली की माळावरून
परळीच्या थर्मलच्या चिमण्या दिसतात.
वीज तिकडं तयार होते
आणि आमच्या डोक्यावरून पुढं जाते.
तारांखाली गाडी थांबवली
तर भुणभुण ऐकू येते,
दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगतीसारखी.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवते:
गयाबाईची गिरणी, जनरेटरवर,
एक पायली ज्वारी पडेपर्यंत दोन टक्के.
खाजामियाँ वेल्डिंग, पाच.
(मी पिन लावली की ते काम थांबवतात,
व्होल्टेज बसतं म्हणतात, आणि चहा सांगतात.)
मोतीरामचं सलून, इन्व्हर्टर, कटिंगला तीन.
दाढीचं धरत नाही, दाढी लवकर उरकते.
पैसे कुणीच घेत नाही.
घेतले असते तर लिहावं लागलं नसतं.

फाट्याच्या चढावर एकदा शून्य दाखवलं.
मागून दुधाचे कॅन घेऊन एकजण आला,
काही न विचारता
माझ्या गाडीच्या मागच्या पायदानाला पाय लावला
आणि तीन किलोमीटर ढकलत आणलं,
मी फक्त हँडल धरून, परडीतल्या देवीसारखी.
खातं उघडा म्हटलं तर म्हणाला,
"दूधवाल्यापशी शिल्लक ऱ्हात नसती."
नावही सांगितलं नाही. त्याची ओळ कोरी आहे.

मग तो गुरुवार.
दुपारपासून लाईट नाही, सलूनचा इन्व्हर्टर बसलेला,
मोतीरामच्या फोनमध्ये एक टक्का
आणि बायको अंबाजोगाईला, दवाखान्यात, सकाळपासून.
माझ्या गाडीत नऊ. घर अडीच किलोमीटर.
हँडलखाली एक बारकं भोक आहे, यूएसबीचं,
मी ते कधी वापरलं नव्हतं.
चावी फिरवली. वायर लावली.
अंधारात सलूनच्या बाकड्यावर आम्ही दोघं,
समोर गाडीला बांधलेला फोन, दावणीला वासरू असावं तसा.
बोललो काहीच नाही. त्यानं कात्री तेवढी पुसली, दोनदा.

पावणेदहाला वाजला.
"हाव. हाव. बोल की."
मग बराच वेळ गप्प.
मग, "वजन किती हाय म्हणालीस?"

वजन विचारतोय म्हटल्यावर मी वायर काढली.
शेवटचा अर्धा किलोमीटर ढकलत गेले.
घरी आल्यावर वहीत लिहिलं: सलून, दिले दोन.
मग ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवीन खातं उघडलं, शंभर रुपयांचं.
नाव अजून ठेवायचं होतं.
फॉर्मवर लिहिलं, मोतीराम यांची मुलगी.
सही होईस्तोवर गाडी
त्याच्याच बोर्डाला लावली होती.
लाईट आली होती. चार टक्के झाले.