लावलं, की लाव म्हटलं?

सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक चार:
नवा जनरेटर कुठे बसवायचा.
सेक्रेटरी धुरंधर म्हणाले, तळघरात.
वर ठेवला तर दोन गाड्यांची जागा जाते.

मी म्हटलं, ज्या दिवशी पाणी भरून वीज जाईल
त्याच दिवशी हाही बुडेल.
मागच्या खुर्चीतून कोणीतरी हसलं,
"काका, इथे काय अणुभट्टी आहे?"

नाही.
अणुभट्टीत मी बत्तीस वर्षं होतो,
ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे,
आणि तिथे काही झालं नाही.
हे एक वाक्य लिहायला बत्तीस वर्षं लागतात
आणि ते कोणी वाचत नाही.

नव्या पोरांना शिकवताना
पहिल्या तासाला फळ्यावर एक दिवा काढायचो.
अमेरिका, एकोणऐंशी साल, पहाटेचे चार.
दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला,
असं सगळ्यांनी धरून चाललं.
व्हॉल्व्ह उघडाच होता.
दिव्याला कळला होता फक्त हुकूम.
गाभ्यावरचं पाणी निघून चाललेलं
आणि शहाणीसुरती माणसं
पाणी फार झालं म्हणून पंप आवरत बसलेली.

माझी आई माहूलची, शाळा चौथीपर्यंत.
रोज रात्री विचारायची, दार लावलं का?
मी अंथरुणातूनच: धाकट्याला लाव म्हटलंय.
"लाव म्हटलंस ते ऐकलं. लावलं का?"
आणि मग स्वतः उठून
कडीला हात लावून यायची.

या दोन क्रियापदांमधल्या फटीत
तिकडे अर्धा गाभा वितळला.

दुसऱ्या तासाला चेर्नोबिल.
चाचणी दिवसा व्हायची होती. शहराला वीज हवी होती,
म्हणून ती सरकत सरकत
रात्रपाळीच्या गळ्यात पडली.
शेवटी थांबवायचं बटण दाबलं,
तर थांबवणाऱ्या कांड्यांच्या टोकांनीच
आधी घाव घातला.
हा दोष कोणालाच ठाऊक नव्हता असं नाही.
कागद कपाटात होता,
माणसं पॅनलपाशी.

एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.
एका रात्री, साडेतीनला,
न बघितलेल्या व्हॉल्व्हपुढे मी बरोबरची खूण करत होतो.
प्रमिला घाग, नोकरीला चार महिने,
म्हणाली, सर, सही थोड्या वेळाने करा.
मला राग आला. चांगलाच आला.
ती जिना उतरून गेली, वीस मिनिटांनी वर आली,
तळहाताला ग्रीस.
"अर्धा फेरा बाकी होता."
मी सही केली. आम्ही चहा घेतला.
त्या रात्रीही काही झालं नाही.

जपानात डोंगरउतारावर एक जुना दगड आहे:
याच्या खाली घर बांधू नका.
आणि फुकुशिमात
डिझेल इंजिनं तळघरात.

आमच्या बंदरावर खांबाला डांबराची एक रेघ होती,
सगळ्यात मोठ्या उधाणाची.
दरवर्षी रंगकामात कोणीतरी ती पुसायचं.
चुलता शिव्या घालत पुन्हा ओढायचा.
कोणी विचारलं, एवढं पाणी पुन्हा कुठे येतंय?
तर म्हणायचा, त्यालाच विचार, मी त्याचा गुमास्ता नाही.

मतदान झालं. अकरा विरुद्ध तीन.

रात्री डांबराचा डबा घेऊन खाली गेलो.
रामसुरत वॉचमन दोन हजार पाचपासून इथेच.
त्याने छातीपाशी आडवा हात धरला: इथवर होतं.
मी रेघ ओढली, तारीख घातली.
धुरंधर पुढच्या दिवाळीला रंगवून घेतील.
डबा मी फेकलेला नाही.

वर आलो, पाय धुतले, दिवा मालवला.
मग आठवलं:
रामसुरतला तळघराचं दार
लाव म्हटलं होतं.

चपला घातल्या.