दप्तर

काउंटीच्या कचेरीचं तळघर, नेब्रास्का.
जुन्या वह्या स्कॅन करते मी, पानामागून पान,
तासाला अठरा डॉलर.

वही पहिली. अठराशे एकाहत्तर.
ओझायस पेल, मोजणीदार. सहासष्ट फुटांची साखळी,
छातीइतकं गवत.
‘इथे एक पायवाट आडवी जाते, वापरातली,’
त्याच्या टिपणात आहे.
नकाशात नाही.
नकाशात आठ रस्ते, झाडांच्या नावांचे,
ओक, एल्म, वॉलनट.
झाड मैलभरात एकही नव्हतं.

मधला चौक कोरा, त्यात पेन्सिलीने: कोर्ट.
कोर्टामागे वकील येतो, वकिलामागे खाणावळ,
तिच्यामागे न्हावी, हे पेल जाणून होता.
पण कोर्ट अर्डेलला, नऊ मैलांवर,
किराणा दुकानाच्या माडीवर.

मग मतदान झालं.
पेल्स क्रॉसिंगची वस्ती एकोणसाठ, बायकापोरं धरून.
मतं दोनशे बारा.
यादीत बक आहे, ब्राइट आहे.
समासात कुणीतरी लिहिलंय: ‘दोघेही बैल. इमानी.’
अर्डेलने आपलं कबरस्तान उठवून मतदानाला आणलं,
तरी हरले.

दप्तर मात्र देईनात.
फेब्रुवारीतल्या एका रात्री तीन गाड्या निघाल्या,
चाकांना गोणपाट गुंडाळून.
परतताना तिजोरीखाली नदीचा बर्फ कुरकुरला.
अल्मेडा क्रल, खाणावळवाली, विधवा,
म्हणाली, लोखंड राहू दे, कागद घ्या.
पिठाच्या पिंपातून आणल्या तिने वह्या.

अजून पानांच्या शिवणीत काहीतरी पांढरं सापडतं.
सुपरवायझर म्हणतो, बुरशी.

पुढच्या वह्या भराभर सरतात.
रेल्वे. बँक. आग. विटांची बँक.
एल्म लावले. एल्म मेले.
पेलच्या मुलीचा घटस्फोट, साडेतीन पानं.

अर्डेल अठराशे अठ्ठ्याऐंशीनंतर कुठेच नाही.

रविवारी जाऊन आले. नुसता मका.
नांगराला दारांच्या मुठी लागतात, शेतकरी म्हणाला,
चिनीमातीच्या. कॉफीचा डबा भरलाय त्याचा.
एक मला दिली.

गावठाणाची ती पांढरी, पिकाची ती काळी,
आजोबा सांगायचे.
काळीची पांढरी होताना खूप पाहिली मी,
हडपसरपासून पुढे रोजच.
पांढरीची काळी झालेली
इथे पहिल्यांदा.

मूठ टेबलावर आहे, वह्यांना टेकून.
येताजाता हात पडतो तिच्यावर
आणि आपोआप
उजवीकडे वळतो.