कॉपी

कंपनीनं खोली दिली, एसी दिला,
पांढरा फळा, चार रंगांचे मार्कर.
पुस्तक तेवढं नाही दिलं.
एचआरचे बोराडे साहेब म्हणाले, इंग्रजीच तर आहे मॅडम,
आणा की कुठूनतरी.

म्हणून रविवारी मी औरंगपुऱ्यात,
रद्दीच्या ढिगापाशी उकिडवी.
साठ रुपयांत एक पुस्तक मिळालं.
त्यातले सगळे लोक छत्री धरून टोस्ट खातात
आणि हवेबद्दल एकमेकांची माफी मागतात.
शेंद्र्यात, मे महिन्यात, हे कुणाला शिकवू?

बेकबाई इंजिनियर नवऱ्यामागं कोरियातून आलेल्या.
त्यांना टोस्ट नको होता.
त्यांना हवा होता सिलेंडरवाला,
लाइट कधी येणार ते,
आणि लेकराच्या पाठीवर उठलेलं पुरळ
डॉक्टरला कुठल्या शब्दात दाखवायचं.

मग मी पिशवी काढली.
औषधाच्या खोक्यातली बारीक घडीची चिठ्ठी,
मोसंबीच्या पेटीवरचं लेबल,
बियाण्याचं रिकामं पाकीट, लाइटबिल,
जावेच्या भाच्याची इंग्रजी लग्नपत्रिका,
तिच्यात नवरदेवाचं शिक्षण नंतर चिकटवलेलं.
नणंद म्हणाली, कचरा कायला गोळा करायलीस?
म्हटलं, सिलॅबस आहे.

फ त्यांच्या जिभेवर बसत नाही.
"तीचर, कॉपी?" म्हणत थर्मास पुढं करतात
आणि मला हसू फुटतं.
का, ते सांगता येत नाही.
आमच्या सेंटरवर कॉपी
खिडकीतून यायची, खड्याला गुंडाळून.
दहावीला माझ्या गाइडची पानं
मावसभावानं फाडून नेली,
नेमकी पत्रलेखनाची आणि काळ ओळखाची.
इंग्रजी मला तशीच मिळाली, मधली पानं नसलेली.
अजूनही पूर्ण भूतकाळ जवळ आला
की मी पाय जरा जपून टाकते.
हे त्यांना सांगायचं तर
पास्ट परफेक्टमध्येच सांगावं लागेल.

एकदा धडा बाजारात नेला.
करमाडचा आठवडी बाजार, डोक्यावर ऊन.
मी वाक्य दिलं होतं, हाऊ मच इज धिस,
पाच वेळा घोकून घेतलेलं.
लसणाच्या ढिगामागं सुग्राबी.
ऐकलं, माझ्याकडं बघितलं,
क्या बोलरी गे ये?

बेकबाईंनी वही उघडली.
त्यांच्या त्या चौकटी-गोलांच्या अक्षरांत
काहीतरी आधीपासून लिहिलेलं. बोट ठेवलं,
"केबद्याला?"
सुग्राबी खुदकन हसली
आणि भाव सांगितला. खरा भाव.
मला ती नेहमी दहा रुपये चढवून सांगते.

कुणी शिकवलं, मी विचारलं.
कालिंदा, त्या म्हणाल्या. भांडी घासते ती कालिंदा.
संध्याकाळी तिला फाटकाशी गाठलं,
काय काय वापरतीस गं शिकवायला?
तिनं पदरानं हात पुसले.
कायला काय लागतंय ताई,
ती बोट दाखवती, मी नाव सांगती.
आन् त्यांचं लेकरू बापाला आप्पाच म्हणतंय की.
आमच्यातबी आप्पाच.
म्हणलं, निम्मं तर येतंयच हिला.

रात्री झोप लागली नाही.
राग होता का? थोडा होता.
फळा, चार रंगांचे मार्कर, आणि मी.

महिनाअखेरीस खर्चाचं व्हाउचर भरलं.
अध्यापन साहित्य, लसूण, पाव किलो.
बोराडे साहेबांनी त्याला लाल गोल केला,
कारण लिहा म्हणाले, इंग्रजीत.
लिहिलं. अख्खं वाक्य, पूर्ण भूतकाळात,
कुणाला न विचारता.
चुकलं असेल.
साहेबांना काय कळणार,
त्यांचंही सेंटर आमचंच होतं.