ऐंशीतून आत, पंचविसातून बाहेर

रास्ता पेठेत, बेकरीच्या वर
रक्त-लघवी तपासायची लॅब. तिचा सर्व्हर
मीच बसवला, सेंट्रिफ्यूजशेजारी, स्टुलावर.
खालून नानकटाईचा वास, खोलीत स्पिरिटचा.

एक ओळ राहिली.
प्रॉक्सी : ऑन.
चाचणीपुरती चालू केली होती, उद्या बंद करू म्हणून.
उद्याचं काय, तो रोजच येतो.

त्यांनी काही चोरलं नाही, हे आधी सांगते.
कुणाची साखर पाहिली नाही,
कुणाच्या हिमोग्लोबिनला हात लावला नाही.
ऐंशी नंबरच्या दारातून आत यायचे,
पंचवीस नंबरच्या दारातून बाहेर,
आणि मधल्या दोन पावलांत
खुंटीवरचा आमचा पांढरा कोट अंगात चढवायचे.
मग जगभर हिंडून गोळ्या विकायचे, नकली घड्याळं,
कुठल्याशा बँकेत अडकलेलं
कुठल्याशा काकांचं सोनं.
रात्री दीड ते पहाटे पाच.
"मशीन फार मेहनती आहे हो तुमचं," रात्रपाळीचा सदाफुले म्हणाला,
"दिवा क्षणभर थांबत नाही."
मी खूश झाले होते.

ज्या शहरात जिन्यावर, झाडावर, पार्किंगच्या साखळीवरसुद्धा
सूचना लिहिलेली असते
तिथे मी साधं 'विचारून आत यावे' लिहिलं नव्हतं.

मग उत्तरं यायला लागली. बहुतेक शिव्या,
मला न येणाऱ्या भाषांत, म्हणून सोप्या.
एकच इंग्रजीत, सभ्य :
आई मार्चमध्ये गेली. तिला आता पत्रं पाठवू नका.
डॉक्टर शिरवळकरांनी ते दोनदा वाचलं.
चष्मा काढून म्हणाले,
"आपण काय पाठवलं होतं यांना?"

तोवर आमचं नाव काळ्या यादीत.
खरं पत्र असो, खोटं असो, दारातूनच परत.
ऑनचं ऑफ करायला चार सेकंद लागले.
रांगेत एकेचाळीस हजार पत्रं तुंबलेली.
सरसकट पुसणार होते,
तेवढ्यात मध्येच एक देवनागरी नाव :
कुमुदिनी होनप, धनकवडी.
गाठीचा तुकडा. घातक पेशी आढळल्या नाहीत.
तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

नऊ रात्री.

कागद छापला, पिशवीत घातला, स्कूटी काढली.
स्वारगेटच्या सिग्नलला बाकीच्यांबरोबर मीही हॉर्न वाजवला,
एरवी वाजवत नाही.

तिसरा मजला. लाकडी दार उघडलं,
जाळीचं नाही.
साखळीमागे एक म्हातारे गृहस्थ, बंडी, कपाळाला आठ्या.
कोण? कुठून? कुणी पाठवलं?
ओळखपत्र वाचलं. फोटो माझ्याशी ताडून पाहिला.
म्हणाले थांबा,
आणि आत जाऊन लॅबला फोन लावला,
मी सांगितलेल्या नंबरवर नाही,
स्वतःच्या डायरीत शोधून.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.
जाळीतून ओरडून सांगावंसं वाटत होतं.
नाही सांगितलं.
त्यांचं सगळं विचारून होऊ दिलं.